मागच्या फळीखालचं लोखंड

माघ लागला की पनवेलात अजूनही एखाद्या आळीत गोवऱ्यांचा तो वास येतो. धाव चढवायची असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसते ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती जमिनीवर आडवी ठेवायची, खाली-वर गोवऱ्या रचून पेटवायची, लाल झाली की तिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायची आणि वरून घागरी रित्या करायच्या. चर्र आवाज होतो, वाफ उठते आणि जळक्या लाकडाचा कडवट वास अर्धा दिवस कपड्यांतून जात नाही. माझ्या तरुणपणी आमच्या सुतारआळीत भात झोडून झालं की शिमग्यापर्यंत दिवसाला चार-चार आगट्या पेटायच्या. घाटावरचे लोक चाकं न्यायला इथवर उतरायचे. आता वर्षातून दोन वेळा आगटी पेटते आणि अस्वलवाला आल्यासारखी माणसं बघायला जमतात.

लोकांना म्हणे असल्या वासानं बालपण आठवतं, गलबलून येतं. मला संताप येतो. दार लावून घ्यावंसं वाटतं. कारण मला त्या वासाबरोबर एकच हिवाळा आठवतो, आणि त्या हिवाळ्याच्या शेवटी उस्मानभाईंचा उजवा हात आहे.

मी आता ट्रकच्या बॉड्या बांधतो. चाकं बांधणाऱ्याच्या मुलानं दुसरं काय करायचं? धंदा बरा चाललाय. दुकानावर माझं नाव आहे, दत्ताराम म्हणून, आणि रस्त्यानं पुण्याकडे जाणाऱ्या दहा ट्रकांतले दोन तरी माझ्या हातचे असतात. लोक म्हणतात, दत्तूशेठनं काळ ओळखला. काळ कसला ओळखतो! तो धंदा मला कसा मिळाला ते पुढे येईलच.

आमचे बाबा चाकात आणि तोलात माहीर होते. नवी गाडी तयार झाली की ते ती रिकामी उभी करायचे, पुढे जाऊन जू उचलायचे आणि नुसत्या तळहातावर ठेवायचे. हाताला जड लागलं तर म्हणायचे, "ह्ये बैलाच्या मानेला लागंल." मग आमची एक रीत होती. जुन्या धावेचे हातभर तुकडे तोडून ठेवलेले असायचे, प्रत्येकावर बाबांच्या छिन्नीच्या तीन खाचा. त्यातला एक तुकडा गाडीच्या मागच्या फळीखाली काथ्यानं आवळायचा. पुन्हा जू तळहातावर. अजून जड लागलं तर अजून एक. शेवटी जू हातावर पाखरू बसल्यासारखं बसलं की बाबा मान डोलवायचे. गाडीचा मालक महिनाभर ती चालवायचा, कुठे काय भरायचं त्याचा त्याला अंदाज यायचा, मग लोखंड आम्हाला परत. ओवे गावचा एक म्हातारा गाडीवान तर लोखंड परत द्यायला आला की बाबांना म्हणायचा, "सुतारा, तुज्या हाताला बैलाची मान हाय रं!" बाबांना कुणी शालजोडी दिली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं.

ही रीत मी पाळण्यातच शिकलो म्हणा. तीच मला नडली.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. भाताच्या गिरणीवाल्यांचा मुलगा अरविंदशेठ मुंबईला शिकून आला होता आणि येताना डोक्यात मोटारींचं वेड घेऊन आला होता. लढाईच्या काळात विमानांसाठी केलेली एक धावपट्टी मुंबईच्या बाजूला ओस पडली होती. हिवाळ्यात तिथे मोटारींच्या शर्यती भरायच्या. धावपट्टीवर वाळू भरलेले ड्रम ठेवून वळणं करायची आणि गोल फिरायचं. अरविंदशेठला त्यात उतरायचं होतं. बापानं नवी गाडी घेऊन द्यायला नकार दिला, तेव्हा त्यानं कुठूनशी लढाईपूर्वीची एक जुनी जर्मन गाडी उचलली आणि गिरणीच्या आवारात आणून उभी केली.

काय ते ध्यान! अंग लाकडी चौकटीचं, वर पातळ फळ्या आणि त्यावर ताणलेलं मेणकापड, जागोजागी फाटलेलं. इंजिन दोन सिलिंडरांचं, पेट्रोलात तेल कालवून पाजायचं. चालू झालं की निळा धूर आणि लाह्या फुटाव्यात तसा आवाज. पण तिची खरी गंमत वेगळी होती. बाकीच्या मोटारी मागच्या चाकांनी ढकलल्या जातात. हिचं इंजिन, गियर, जोर देणारी चाकं, सगळं पुढे. मागची चाकं नुसती सोबतीला आलेली.

लाकूडकामाला मला बोलावलं आणि इंजिनाला उस्मानभाईंना. उस्मानभाई कोकणी मुसलमान, पनवेलातलेच. लढाईत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होते. परत येऊन मोहल्ल्याच्या तोंडाशी गॅरेज टाकलं होतं. गिरणीचं इंजिन, एसटीच्या आधीच्या खाजगी मोटारी, मचव्यांची यंत्रं, सगळं त्यांच्याकडे यायचं. चाळिशीचा माणूस, बोलणं कमी, हात मोठाले आणि बोटं मात्र शिंप्यासारखी. अंधारात नट पडला तर न बघता उचलायचे. मी तेव्हा तेविशीचा. मॅट्रिक होऊन बसलेला, बाबांच्या हाताखाली चाकं घासायचा कंटाळा आलेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाडीच्या पुढे उभं केलं. "दत्तू, तू गाडीवाल्यांचा ना? मग तुला समजवायला टाइम नाय लागणार. हिचे बैल पुढं हायत."

एवढंच बोलले. आणि ती गाडी मला खरंच कळली. अरविंदशेठनं इंग्रजी मासिकांतली चित्रं दाखवून जे तासभर सांगितलं होतं ते या चार शब्दांत बसलं. बैल ओढतात, गाडी मागून येते. बैल जिकडे तोंड करतील तिकडे गाडी. मग वजन कुठे हवं, जोर कधी द्यायचा, कधी नाही, सगळं त्यातून निघत गेलं.

तो हिवाळा सुखाचा होता, हे कबूल करतानाच मला राग येतो. इतकं सुख नंतर कधी लाभलं नाही. सकाळी आवारात भाताच्या तुसाचे ढीग धुरकट उन्हात पडलेले असायचे. जासईकडून मिठाच्या गाड्या कुरकुरत यायच्या आणि गाडीवान आमच्याकडे बघून मुद्दाम बैल थांबवायचे. मी त्या मोटारीचं जुनं अंग सोलून काढलं. दारं काढली, टप काढला, मागची बैठक काढली, मडगार्ड काढले. गाडीच्या तळाला शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्या घातल्या. शिवण हलकी आणि इमानी. उस्मानभाई इंजिनाचं डोकं घासून घासून पातळ करत होते, धुराची नळी आखूड करत होते. मागच्या कमानीला, म्हणजे स्प्रिंगला, त्यांनी एक पाटा वाढवला आणि पुढची तशीच ठेवली. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "मागची ढुंगणं टाइट पायजेत म्हणजे ती वळणात पुढच्याचं ऐकतात." पुढच्या टायरात हवा जास्त, मागच्यात कमी. पुढची चाकं एकाच वेळी ओढतात आणि वळतात, म्हणून तिथे प्रत्येक बाजूला एक सांधा असतो. जॉइंट. ते जॉइंट मात्र ते मला हात लावू द्यायचे नाहीत. उघडायचे, रॉकेलनं धुवायचे, गोट्या एकेक उजेडात धरून बघायचे आणि ग्रीस स्वतःच्या बोटांनी भरायचे. "ह्यांच्यावर माणसाचा जीव हाय," म्हणायचे. हे वाक्य लक्षात ठेवा.

सराव विचुंब्याच्या बाजूला, कापणी झालेल्या शेतात. चार शेतांचे बांध सपाट करून घेतले होते आणि चार खुणेचे दगड मांडले होते. गावातले लोक बांधावर उकिडवे बसून बघायचे. एक म्हातारी पहिल्या दिवशी म्हणाली, "आमी म्हनलं शेठनी मोटर नांगराला जुपली काय! हिचे बैल कुठं हायत?"

"पुढं हायत, आये," उस्मानभाई म्हणाले. "दिसत नाय येवढंच."

अरविंदशेठ चालवायचा तेव्हा सरळ पट्ट्यावर गाडी पिसाट सुटायची. पण वळणात शिरला की तो घाबरायचा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. पाय काढला की मागचं शेपूट सरकन बाहेर यायचं, मातीचा फवारा उडायचा आणि गाडी आडवी. पुन्हा पुन्हा तेच. गाडी तपासायला मीही फेऱ्या मारायचो; चालवायला उस्मानभाईंनीच शिकवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी कानाशी वाकून सांगितलं, "वळणात पाय काढायचा नाय. उतारावर बैल मधीच थांबला तर काय होतं? गाडी त्याच्या अंगावर जाते. तेच. मन म्हणंल थांब, तेव्हा थोडा जास्ती दे. बैल ओढत राहिले की शेपूट गुमान मागून येतं."

मी तसं केलं. शेपूट किंचित सरकलं, मी पाय दाबला, आणि पुढच्या चाकांनी त्या अख्ख्या गाडीला हाताला धरून ओढावं तसं सरळ केलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते लग्नात वाटलं नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही. बायको हे वाचेल तर वाचो.

उस्मानभाई खिशातल्या घड्याळावर फेऱ्या मोजायचे. माझी फेरी प्रत्येक वेळी शेठपेक्षा लवकर व्हायची. ते लपवण्यासारखं राहिलं नाही, तेव्हा अरविंदशेठनं जरा हसून, जरा चिडून शब्द दिला. धावपट्टीवर रविवारी दोन शर्यती आहेत. सकाळची तो चालवील, दुपारची दत्तू. "यू डिझर्व्ह इट," म्हणाला. मला अर्थ कळला होता. मी त्या रात्री जेवलोसुद्धा नाही.

पण हे दान सशर्त होतं, हे माझ्या ध्यानात दुसऱ्या दिवसापासून यायला लागलं. सकाळी त्यानं गाडी शाबूत ठेवली तरच दुपारी माझ्या हाती गाडी. आणि तो तर रोज आडवी करत होता. गुरुवारी तर दगडाला घासली. ह्यानं सकाळी वाट लावली तर दुपारी मी काय टांगा हाकू? माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. शर्यत जिंकायची मला हौस नव्हती. मला फक्त ती गाडी, ते वळण आणि तो दाबलेला पाय एकदा सगळ्यांसमोर हवा होता.

त्याच गुरुवारी अरविंदशेठ उस्मानभाईंना म्हणाला, "शेपूट फार हलकं आहे. मागे थोडं वजन टाक. आणि स्टेअरिंग इतकं जड आहे की खांदे भरून येतात."

"नको शेठ. हलकं शेपूट उडतं, पण लगेच बसतंबी. जड शेपूट एकदा निघालं की कुणाच्या बापाचं ऐकत नाय. आन् स्टेअरिंग जड हाय म्हणजे पुढची चाकं जमिनीला धरून हायत, त्याचं शुकर करा. गाडीला काय नको. तुमच्या पायाला समजवा."

शेठचा चेहरा लाल झाला. गिरणीची दोन माणसं तोंड फिरवून हसली. मीही हसलो. उस्मानभाई बरोबर बोलत होते आणि मी ते ऐकलं होतं, हे मी आज लिहून ठेवतो. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तरी मी ते केलं. का, याचा विचार मी पंधरा वर्षं केला आहे. भीती होती, ती सांगितली. पण तिच्या बुडाशी एक माजही होता. मिस्त्रीला इंजिन कळतं, तोल आम्हाला कळतो, हा माज. जड जू म्हणजे चूक, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. हाताला जड लागलं की मागे लोखंड, पिढ्यान् पिढ्या हेच. गाडीचं जू म्हणजे तिचं स्टेअरिंग, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. बैलाच्या मानेची दया करायची आमची रीत, आणि इथे त्या न दिसणाऱ्या बैलांना मानेवर ओझंच हवं होतं. ओझं नसेल तर त्यांचे पाय जमिनीला धरणार कसे? एवढं साधं. पण हाताची सवय डोक्याला विचारत नाही.

शनिवारी दुपारी उस्मानभाई असरच्या नमाजाला गेले. मी दुकानातून धावेचे पाच तुकडे पोत्यात घालून आणले. मागच्या फळीखाली, अगदी शेपटाच्या टोकाला, काथ्यानं आवळून बांधले. आठ-दहा वर्षांच्या पोराएवढं वजन झालं असेल. मग पुढे बसून जागच्या जागी स्टेअरिंग फिरवून पाहिलं. हलकं झालं होतं. पाखरू बसल्यासारखं. बाबांनी मान डोलवली असती. शेतात नेऊन एक वळण घेऊन बघायला हवं होतं. पण नेली असती तर उस्मानभाईंना कळलं असतं. म्हणून नेली नाही.

रविवारी पहाटे गिरणीच्या ट्रकमधून उस्मानभाई पेट्रोलचे डबे घेऊन पुढे गेले. अरविंदशेठनं मोटार काढली, शेजारी मी. मुंब्र्याच्या रस्त्याला लागल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "आज कशी लोण्यासारखी वळतेय रे! उस्माननं शेवटी माझं ऐकलेलं दिसतंय."

मी "हं" म्हणालो.

त्या एका "हं" वर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे. दुकान, बॉड्या, दारावरचं नाव, सगळं.

धावपट्टीवर ऊन स्वच्छ होतं आणि भेगांतून वाळकं गवत वर आलेलं. साहेबी टोप्या, थर्मास, कुत्री घेऊन आलेल्या बायका. आमच्या गाडीकडे बघून लोक हसत होते. उस्मानभाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मागे थबकले. "दत्तू, मागं बसल्यासारखी वाटते काय रे?"

"कमानीतला पाटा नवा आहे. बसला असेल जरा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते वाकून फळीखाली बघणार, तेवढ्यात गाड्या रांगेत लावायचा पुकारा झाला. ते पाटी घेऊन शेवटच्या वळणावर गेले. प्रत्येक गाडीचा माणूस आपापल्या ड्रायव्हरला फेऱ्यांचा आकडा खडूनं पाटीवर लिहून दाखवायचा, ती पाटी. मी त्यांच्यापासून वीस पावलांवर उभा होतो.

पहिल्या दोन फेऱ्यांत अरविंदशेठ जपून होता, आणि शेपूट हललं नाही. मला वाटलं, बघा, आहे की नाही तोल! माझा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या फेरीला कुणीतरी त्याच्या पुढे गेलं, तसा तो चिडून वळणात जोरात घुसला. आणि घाबरला. आणि पाय काढला. मला इंजिनाचा आवाज पडलेला ऐकू आला. शेपूट निघालं. शेतात ते निघायचं, उडायचं आणि बसायचं. हे बसलं नाही. मागचं लोखंड त्याला फिरवतच गेलं, गाडी स्वतःभोवती गर्रकन वळली आणि शेपूट पुढे करून ड्रमांच्या रांगेवर गेली. उस्मानभाईंनी पाटी धरलेला उजवा हात ड्रमावर टेकवला होता. ते मागे उडी मारायला गेले, पण हात राहिला.

मी पहिला पोचलो. शेपटाची फळी फुटली होती आणि धावेचे पाचही तुकडे गवतात विखुरले होते, तीन-तीन खाचांसकट. उस्मानभाई खाली पडले होते. त्यांनी हाताकडे बघितलं नाही. लोखंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते उचल," म्हणाले. "आदी ते उचल."

आणि मी आधी लोखंड उचललं. माणूस तसाच ठेवून पाच तुकडे गोळा केले, पोत्यात घातले आणि पोतं गिरणीच्या ट्रकच्या हौद्यात टाकून आलो. परत येईपर्यंत त्यांना इतरांनी उचललं होतं.

अरविंदशेठच्या कपाळाला नुसतं खरचटलं होतं. तो ओरडत होता, काय झालं, काय झालं. उस्मानभाई पांढरे पडले होते, तरी शुद्ध जायच्या आधी म्हणाले, "जॉइंट गेला, शेठ."

दुपारची शर्यत ठरल्या वेळी झाली. कुणीतरी जिंकलं.

हात मनगटापासून काढावा लागला. अरविंदशेठनं इस्पितळात फळं पाठवली आणि गावभर सांगितलं की उस्माननं जॉइंट कच्चा ठेवला, नाहीतर पहिला नंबर आपलाच होता. जो माणूस एकेक गोटी उजेडात धरून बघायचा, त्याचा जॉइंट कच्चा! गाडी गिरणीच्या आवारात पडून होती. दोन पाने घेऊन कुणीही उघडून बघितलं असतं तरी जॉइंट शाबूत दिसला असता. कुणी उघडला नाही. मी तर नाहीच. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. उस्मानभाईंकडे यायच्या त्या मोटारी एकेक करून दुसरीकडे गेल्या. डाव्या हातानं काम करणारा मिस्त्री, त्यात जॉइंट कच्चा ठेवणारा. वर्षाच्या आत गॅरेजला कुलूप लागलं. आणि अरविंदशेठनं, मी तोंड बंद ठेवलं हे माहीत नसतानाही, गिरणीच्या तीन ट्रकांच्या बॉड्या मला दिल्या. म्हणाला, तुझी संधी हुकली, त्याची भरपाई. असा मी काळ ओळखला.

बाबांना कळलं होतं. पोत्यातलं लोखंड त्यांनी फळीवर मांडलं, खाचांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्ये कुठं व्हतं?"

"गाडीत."

"मागं?"

मी मान हलवली. त्यांनी पाचही तुकडे पुन्हा पोत्यात भरले. मग म्हणाले, "जा. सांगून ये."

मी म्हणालो, उद्या जातो. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले आणि त्यांनी ते पुन्हा काढलं नाही. पण नवी गाडी तयार झाली की जू उचलायला मला पाठवायचे, स्वतः जायचे नाहीत. विचारलं तर हात दुखतो म्हणायचे.

आणखी एक गोष्ट राहिली. त्या वर्षी दर शुक्रवारी, जुम्म्याचा नमाज झाला की उस्मानभाई आमच्या आळीतून जायचे. त्यांच्या घरची वाट ती नव्हे. समोरच्या कडुलिंबाखाली थांबायचे, थोडा वेळ उभे राहायचे, डावा हात कपाळाला लावायचे. मीही आतून हात वर करायचो. ते जायचे. मला वाटायचं, काय दिलदार माणूस! माफ केलं, वर सलाम करायला येतो. मी त्या शुक्रवारांवर जगत होतो म्हणा ना. पुढे एका शुक्रवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. मला जरा चुकल्यासारखं वाटलं आणि मग, खरं सांगतो, हायसं वाटलं.

या माघात पुन्हा आगटीचा वास आला आणि मला बसवेना. घरातला धड चालणारा स्टोव्ह उचलला आणि स्टँडजवळ गेलो. तिथे एका पत्र्याच्या टपरीत उस्मानभाई स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करतात. दाढी पांढरी झालीय. स्टोव्ह दोन गुडघ्यांत धरतात, उजव्या कोपरानं दाबतात आणि डाव्या हातानं पिन मारतात. त्यांनी माझा स्टोव्ह घेतला, हवा मारून बघितली.

"ह्याला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "उस्मानभाई, मी ते लोखंड..."

"मला काय सांगतोस? मला म्हाईत हाय." ते स्टोव्हच पुसत होते.

"तुम्ही तेव्हा माझं नाव का नाही घेतलं?"

"तेव्हा? तुझ्या बापाची खूण होती त्या लोखंडावर. त्याचं दुकान बसलं असतं. माझा हात तर गेलाच होता. मला वाटलं, पोरगा हाय, घाबरलाय. चार दिवसांत सोता सांगंल. सोता सांगितलं तर लोक माफ करतात."

मी टपरीच्या दारातच खाली बसलो.

"म्हणून तर येत होतो. जुम्म्याला, तुझ्या दारावरनं. झाडाखाली उभा राहायचो. म्हटलं मला बघंल, बाहेर येईल, चार माणसांत बोलंल. तू आतनं हात हलवायचास." त्यांनी स्टोव्ह माझ्यापुढे सरकवला. "एक साल वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ दे, हा येणार नाय."

मला त्यांचे पाय धरायचे होते. त्यांनी पाय मागे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कंदील उचलला.

"माझ्यापुढं कबूल करून काय फायदा, दत्तू? ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांग. जा, स्टोव्ह घेऊन जा. चांगला हाय."

अरविंदशेठ आता मुंबईला असतो. गिरणी विकली. ज्यांनी उस्मानभाईंच्या गॅरेजकडे पाठ फिरवली त्यांतले निम्मे मेले, उरलेल्यांना ती मोटारही आठवत नाही. कुणाला सांगायचं म्हणून फिरलो तर सांगायला माणूस नाही. मी इतका उशीर केला आहे. म्हणून हे लिहिलं, नावानिशी. पनवेलात कुणी वाचलं आणि त्याला तो हिवाळा आठवला, तर त्यानं एवढं लक्षात ठेवावं: जॉइंट शाबूत होता. लोखंड मी बांधलं होतं.